सॉकेट नवं, तरी जळतंच कसं?

प्रश्न : आमच्या गिझरचं सॉकेट दोन वर्षांत दोनदा जळालं. दोन्ही वेळा चांगल्यातलं १६ अँपिअरचं आणून बसवलं. आता तिसरंही एका भोकाभोवती तपकिरी पडलंय. गिझर २००० वॅटचा आहे आणि पाणी नेहमीसारखं तापतं. मध्यंतरी त्याचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, म्हणून वायरमनने १६ चा काढून ३२ चा लावला. तेव्हापासून पडत नाही. पण गिझर लावला की बोळात मासळीसारखा वास येतो, आणि आमच्या घरात मासळी शिजतच नाही. शेजारी म्हणतात, पाणी जड आहे, कॉइलवर क्षार चढलेत, म्हणून करंट जास्त ओढतो. खरं कारण काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी गिझरचा एमसीबी खाली करा. दुरुस्ती होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा. तो वास मासळीचा नव्हे. सॉकेटचं किंवा प्लगचं कडक प्लॅस्टिक फार तापलं की असाच वास सुटतो. घरोघरी लोक उंदीर मेला समजून कपाटं हलवत बसतात. वास येतोय याचा अर्थ आत काहीतरी आजही भाजतंय.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि माझा संशय तिच्यावरच आहे. सॉकेट दोनदा बदललं, पण गिझरच्या वायरीचा थ्री-पिन टॉप, म्हणजे प्लग, बदललात का? सॉकेट जळतं तेव्हा त्यात बसलेली पिनही जळते. तिच्यावर काळा थर चढतो, खड्डे पडतात. ती जुनी पिन नव्या सॉकेटात घातली की ती आतल्या धातूच्या पत्तीला नीट टेकतच नाही. तिथे उष्णता होते, उष्णतेने पत्तीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते आणि उष्णता आणखी वाढते. काही महिन्यांत नवं सॉकेट जुन्याच्या रांगेत जाऊन बसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी एका इस्त्रीच्या दुकानात मी महिन्यात तीन सॉकेटं बदलली आणि दर वेळी कंपनीला दोष दिला. शेवटी दुकानदाराच्या बायकोनेच प्लग माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "दादा, एकच पिन काळी का हो? दुसरी तर लख्ख आहे." त्या दिवसापासून कुठल्याही जळलेल्या सॉकेटापाशी गेलो की मी आधी पिना बघतो.

तुम्हीही बघा. मेन स्विच बंद करून प्लग बाहेर काढा. एकच पिन काळी असेल तर दोष त्या बाजूच्या सांध्यात आहे. दोन्ही पिना स्वच्छ, पण वायर टॉपमध्ये शिरते तिथलं आवरण कडक, करपलेलं असेल, तर टॉपच्या आतला स्क्रू ढिला आहे. अख्खी वायर लांबीभर गरम लागत असेल तर ती वायरच बारीक आहे. एवढंच करा, सॉकेट मात्र स्वतः उघडू नका.

आता पाणी नीट तापतं आणि सॉकेट जळतं, हे कसं? २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. चांगल्या सांध्याचा रोध जवळजवळ शून्य असतो. तो बिघडून अर्धा ओहम झाला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास ३८ वॅट उष्णता त्या एका टोकावर होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५-३५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या सॉकेटाच्या पोटात तशी एक इस्त्री रोज सकाळी पेटते. गिझरच्या वाट्याचे मात्र चार-साडेचार व्होल्टच कमी होतात, ते पाण्याला कळतही नाहीत.

आणि एमसीबीलाही कळत नाहीत. तो मोजतो करंट. ढिल्या सांध्याने करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असला तरी त्याला फक्त गळती समजते. "एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक" असं कुणी म्हटलं तर कृपा करून मानू नका.

मग तुमचा १६ चा एमसीबी पडत का होता? ८.७ अँपिअरवर तो पडायला नको. बहुधा त्याच्या स्वतःच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला असणार. तिथली उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि ती वाकून एमसीबी पाडते. म्हणजे तो बिचारा खरंच काहीतरी सांगत होता, आणि त्याच्या जागी ३२ चा बसवून आपण त्याचं तोंड बंद केलं. याचं मला फार वाईट वाटतं. गिझरला सहसा अडीच स्क्वेअर एमएमची वायर असते. तिला ३२ चा एमसीबी म्हणजे वायर भाजेपर्यंत वाट बघणारा राखणदार. पुन्हा १६ चाच लावून घ्या.

क्षारांबद्दल शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. थर चढला की कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जाते. पण त्याने करंट वाढत नाही, त्यामुळे सॉकेट जळायला पाणी कारण नाही.

परवानाधारक वायरमनला बोलावून सॉकेट आणि टॉप दोन्ही एकाच वेळी बदला. सॉकेटमागची वायर करपलेल्या भागाच्या मागे, तांबं लख्ख दिसेल तिथपर्यंत कापायला सांगा. काळ्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळा, सांधा होत नाही. वायर कापून तोकडी पडली तर पीळ मारून काळी टेप गुंडाळू देऊ नका, नवी ओढून घ्या. चार पैसे जातील, जाऊ द्या. काम झाल्यावर गिझर वीस मिनिटं चालवा, एमसीबी बंद करून प्लग काढा आणि पिनांना हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. चटका बसला तर वायरमनला परत बोलवा.

प्रश्न : मोबाइलचा चार्जर गरम होतो. धोका आहे का?
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कोमट होणं स्वाभाविक आहे. हातात धरवत नसेल, आवाज येत असेल किंवा कवच फुगलं असेल तर टाकून द्या. चार्जर लावून उशीखाली मात्र कधीही ठेवू नका.

प्रश्न : फ्रिज सुरू झाला की घरभर दिवे लुकलुकतात. मीटरजवळच्या मेन स्विचला हात लावला तर गरम लागतो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : एकाच खोलीतले दिवे लुकलुकले असते तर त्या खोलीचा बोर्ड बघा म्हटलं असतं. घरभर होतंय आणि मेन स्विच गरम आहे, म्हणजे सांधा बहुधा तिथेच बिघडलाय. खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. बाहेरून येणारी वायर अॅल्युमिनियमची आणि आतली तांब्याची असेल, आणि दोन्ही एकाच स्क्रूखाली दाबल्या असतील, तर तो सांधा तुमच्या हवेत फार लवकर सडतो. तिथे दोन धातूंसाठी असलेलाच लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लागतो.

शेजाऱ्यांनाही विचारा. त्यांचेही दिवे लुकलुकत असतील तर दोष खांबाकडे आहे, १९१२ वर महावितरणला कळवा. मीटरचं सील तुम्हीही तोडू नका, वायरमनलाही तोडू देऊ नका. आणि घरात थ्री फेज असेल आणि काही दिवे मंद, काही नेहमीपेक्षा प्रखर दिसले, तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटत आहे. अशा वेळी काही खोल्यांत ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतं. फोन नंतर करा, आधी मेन स्विच पाडा.