मेलरोज मठाचे प्रमुख नुसते पूजाअर्चा करणारे साधू होते का?

नाही हो, अजिबात नाही. स्कॉटलंडमधला मेलरोज मठ राजा डेव्हिड पहिला याने 1136 मध्ये सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथासाठी वसवला, आणि तिथल्या प्रमुखाला अ‍ॅबट म्हणायचे. पहिला रिचर्ड, तो 1148 मध्ये पायउतार झाला, मग आला वॉल्थेफ, म्हणजे खुद्द राजाचा सावत्र मुलगा! पण माणूस खरंच विरक्त होता, सेंट अँड्र्यूजचं बिशपपद, म्हणजे तिथल्या चर्चचं प्रमुखपद, चालून आलं तरी नको म्हणाला. 1159 मध्ये वारला. पुढे जोसेलिन अ‍ॅबट असताना थडगं उघडलं तर देह जसाच्या तसा, असं सांगतात, आणि लोक त्याला संत मानायला लागले. 1240 मध्ये परत उघडलं तेव्हा मात्र सगळं झिजून गेलेलं, आणि हजर असलेल्यांनी छोटी छोटी हाडं नेली, एकाने तर दात मागून घेतला, हे मठाच्याच बखरीत लिहिलंय.

जोसेलिन 1174 मध्ये ग्लासगोचा बिशप झाला. अ‍ॅडम या नंतरच्या अ‍ॅबटचं मात्र फार वाईट झालं. 1213 मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेसचा बिशप म्हणून गेला, तिथे गायींमागे चर्चला लोणी द्यायची पद्धत होती, याने ते वाढवत नेलं, शेतकरी चिडले आणि 1222 मध्ये हॅलकर्कला त्याला जाळून मारलं. कर वाढवला हे चूकच, पण असा मृत्यू कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

1322 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डच्या सैन्याने मठ लुटला, मठाचा प्रायर, म्हणजे अ‍ॅबटच्या हाताखालचा अधिकारी, त्यात मारला गेला.