गणपतीत घरी माणसं येणार आणि आईचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं: काय करता येईल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं ट्रान्सप्लांट होऊन सव्वा वर्ष झालंय, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधं चालू आहेत, नौपाड्याच्या घरात दीड दिवसाचा गणपती बसतो, दर्शनाला साठ-सत्तर माणसं येतात, आणि मामा म्हणतात, "आता कुठे राहिलाय कोविड?" मी डॉक्टर नाही. पण ह्यांचं ट्रान्सप्लांट २०१९ मध्ये झालं, तेव्हापासून ऐरोलीतल्या आमच्या घरात हा विचार रोजचाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची काळजी अगदी रास्त आहे. शरीराने नवी किडनी परकी समजू नये म्हणून ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे कोविडच्या लसीचा असरही कमी होतो, मायकोफेनोलेटवर असलेल्यांमध्ये तर जास्तच. मामांना लसीने जेवढं संरक्षण मिळालं तेवढं आईंनाही मिळालंय असं धरून चालू नका. पुढचा डोस कधी, हे त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टनाच (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा.

कुठेही जायचं किंवा कोणी यायचं असलं की मी बघते ते एवढंच: माणसं किती, किती वेळ, आणि हवा बदलतेय का. "कोणाला सर्दी-खोकला नाही ना" हे विचारावं जरूर, पण त्यावर विसंबू नये. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ शकतो. आणि हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. जोरात आरती म्हणताना तोंडातून जास्त कण बाहेर पडतात, आणि बंद खोलीत ते धुरासारखे तरंगत राहतात. २०२० मध्ये आमचा सगळा जोर पिशव्या पुसण्यावर होता, हवेकडे लक्षच नव्हतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आत घेत नाही, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं.

आई आतल्या खोलीत असताना हॉलमध्ये एक उदबत्ती लावून बघा. आमच्याकडे नुसती हॉलची खिडकी उघडली तेव्हा धूर जागच्या जागी घुटमळत राहिला. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला, तर तोच धूर आडवा होऊन ओट्यावरून बाहेर ओढला गेला. हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी, अशी दोन्ही तोंडं लागतात. नंतर आम्ही कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेतलं (एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या सेन्सरचंच घ्या). बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. खिडक्या बंद, एसी चालू आणि नऊ माणसं, एवढ्यावर पाऊण तासात आमच्या हॉलमध्ये तो १८०० वर गेला होता. ८०० च्या आत राहिला तर हवा चांगली खेळतेय असं समजा.

आईंच्या खोलीत हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर ठेवा. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा गाळून निघायची तर प्युरिफायरचा सीएडीआर (तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो तो आकडा) २५० च्या आसपास हवा. त्याने कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड नाही, त्यामुळे यंत्रावरचा आकडा उतरला नाही म्हणून प्युरिफायर बंद करू नका.

गणपती शक्यतो खिडकीजवळ बसवा. पहाटेची पूजा घरच्यांपुरती ठेवा, त्या वेळी आईंना मनसोक्त बसू दे. पाहुण्यांना वेळा वाटून द्या, प्रसाद पुड्यांमध्ये हातात द्या, म्हणजे जेवणाच्या निमित्ताने तास-तास बैठक होणार नाही. गर्दीच्या वेळी आई दार लावून आत. बाहेर आल्या तर एन९५ लावून, कानात अडकवायचा नाही, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा. निळ्या सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा सरळ आत येते. घरातल्यांनी घरच्या किटवर तपासणी करायला हरकत नाही, पण एकदा निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ४८ तासांनी पुन्हा करा. आईंना वगळल्यासारखं वाटू न देणं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. ह्यांना मी वेळापत्रक ठरवायलाच बसवते.

गणपतीपेक्षा मला भीती वाटते ती रुग्णालयातल्या वेटिंगची. एका ठिकाणी बंद एसी खोलीत आम्ही दोन तास बसलो, खिडकी उघडायला कोणी तयार नव्हतं, आणि चौथ्या दिवशी ह्यांना ताप आला. तेव्हापासून आम्ही सकाळची पहिलीच वेळ घेतो, बाहेर व्हरांड्यात थांबतो आणि नंबर आला की फोन करायला सांगतो. जातानाही रिक्षा बरी, दोन्ही बाजूंनी उघडी असते.

त्या तापात शिकलेली गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. कोविडच्या निर्माट्रेलविर-रिटोनाविर गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात, पण त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसचा शरीरात होणारा निचरा अडवतं. रक्तातली पातळी धोकादायक वाढते आणि त्या किडनीलाच इजा होऊ शकते. ह्यांना म्हणून रेमडेसिविर हे दुसरं विषाणूविरोधी औषध दिलं, तीन दिवस शिरेतून. परक्या डॉक्टरांनी घाईत त्या गोळ्या लिहून दिल्या तर हे सांगणारं घरात कोणीतरी हवं. आणि ट्रान्सप्लांटची औषधं मनाने बंद किंवा कमी करायची नाहीत.

गणपतीच्या आधीच नेफ्रॉलॉजिस्टना विचारून ठेवा: ताप आला तर कोणाला फोन करायचा, कोणतं औषध चालेल, रात्री कुठे न्यायचं. आईंना या औषधांमुळे ताप कदाचित फारसा चढणारही नाही, म्हणून नुसता घसा दुखला तरी तपासणी करा, आणि ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली गेलं तर सकाळची वाट बघू नका. आमच्याकडे हे सगळं, चालू डोस आणि टॅक्रोलिमसच्या शेवटच्या पातळीसकट, एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलंय.