२००३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पेस-नवरातिलोवासमोर टॉड वूडब्रिजबरोबर खेळलेली ग्रीक मुलगी कोण? ती फक्त दुहेरीच खेळायची का?

नाही हो, उलट आहे. तिचं नाव एलेनी दानिलिदू, आणि ती मुळात एकेरीचीच खेळाडू. जागतिक क्रमवारीत १४ व्या क्रमांकापर्यंत पोचली होती. तुम्ही विचारताय तो मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि अगदी भरात होती. आपल्याकडे मात्र 'हरलेल्या जोडीतली ती उंच मुलगी' एवढीच तिची ओळख राहिली.

त्यात आपला तरी काय दोष म्हणा. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष नेटच्या अलीकडे होतं. नवरातिलोवा ४६ वर्षांची. चारही ग्रँड स्लॅममधली एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी अशी सगळी विजेतेपदं तिच्या खात्यात जमा, फक्त ऑस्ट्रेलियातली मिश्र दुहेरी तेवढी बाकी होती. सोबत आपला लिअँडर. (पेस घराणं मूळचं गोव्याचं, त्यामुळे तिकडच्या मंडळींचा त्याच्यावर जरा जास्तच हक्क.) ६-४, ७-५ असा सामना निघाला आणि दानिलिदू विषय संपला. मीही तेव्हा टीव्हीसमोर बसून पेसच्याच व्हॉलींना दाद देत होतो.

तिची खरी सुरुवात बघायची तर सात महिने मागे जावं लागेल. जून २००२, नेदरलँड्समधल्या स्हेर्टोखेनबोस इथली स्पर्धा. विम्बल्डनच्या तोंडावर हिरवळीवर होणारी छोटी स्पर्धा. मोठे खेळाडू तिथे सवय करून घ्यायला येतात. क्रीट बेटावरच्या हान्या शहरात जन्मलेली ही मुलगी तोवर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या बक्षिसांच्या स्पर्धांतून वर येत होती, बाहेर फारसं कुणाला नाव माहीत नव्हतं. तिने त्या आठवड्यात जस्टिन हेनिनला हरवलं. हेनिन म्हणजे आदल्या वर्षी तीच स्पर्धा जिंकून पुढे विम्बल्डनची अंतिम फेरी गाठलेली खेळाडू. मग अंतिम सामन्यात रशियाची एलेना देमेंतिएवा. पहिला सेट ३-६ असा गेला, पुढचे दोन ६-२, ६-३ असे खेचून आणले. डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिसच्या मुख्य मालिकेतली, स्पर्धा जिंकणारी ती पहिली ग्रीक महिला.

ग्रीससारख्या देशातली मुलगी, आणि पहिलं यश हिरवळीवर! पण तिचा खेळ पाहिलात तर फारसं नवल वाटणार नाही. उंची सहा फुटांच्या आसपास, त्यामुळे सर्व्हिसला वजन. फोरहँड सपाट आणि जोरकस. आणि बॅकहँड एका हाताचा, जो तेव्हाच मुलींमध्ये दुर्मीळ होत चालला होता. रॅकेट खांद्याच्या वर नेऊन ती चेंडूच्या पोटाखालून तिरकी कापत आणायची. असा स्लाइस हिरवळीवर पडला की उसळत नाही, घोट्याच्या उंचीवरून सरकत जातो. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या मुलींना कंबरेच्या उंचीवर चेंडू हवा असतो; इथे गुडघे जमिनीला टेकेपर्यंत वाकावं लागायचं. वाकून कसाबसा परतवला तर तो वर तरंगत यायचा, आणि मग दानिलिदूचा फोरहँड तयारच. त्या फॉर्मच्या जोरावर लगेचच्या विम्बल्डनमध्येही तिने चौथी फेरी गाठली.

आता जानेवारी २००३. वर्षाच्या सुरुवातीलाच ऑकलंडची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात कोरियाच्या चो यून-जंगने तिला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत नेलं होतं. तिथून मेलबर्न. एकेरीत चौथी फेरी. तिथे समोर सेरेना, जी ती स्पर्धा जिंकून सलग चौथं ग्रँड स्लॅम घेणार होती. आणि मिश्र दुहेरीत थेट अंतिम फेरी. जोडीदार वूडब्रिज म्हणजे ऑस्ट्रेलियाचा, दुहेरीचा दादा माणूस, तोही घरच्या मैदानावर. शिवाय मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती प्रचंड मोठी आहे, त्यामुळे ग्रीक खेळाडूला तिथे कधी परकं वाटत नाही. एका महिन्यात एवढं सगळं! त्याच वर्षी मे महिन्यात ती १४ व्या क्रमांकावर पोचली.

आणि गंमत (की दुर्दैव) अशी की त्याच्या वर ती पुन्हा कधी गेली नाही. विजेतेपदं मिळाली: २००४ ला पुन्हा ऑकलंड, २००६ ला सोल, २००८ ला होबार्ट, एकूण पाच. होबार्टला तर प्रतिस्पर्धी रशियाची झ्वोनारेवा अंतिम सामना खेळूच शकली नाही. पण ग्रँड स्लॅमच्या एकेरीत चौथ्या फेरीचा उंबरठा काही ओलांडता आला नाही. लोक म्हणतात दुखापती, सातत्य नाही वगैरे. माझं मत विचाराल तर हिरवळीचा मोसम तेव्हा वर्षातून जेमतेम महिनाभराचा. उरलेलं वर्ष क्ले (मातीच्या) आणि हार्ड (टणक) कोर्टवर, जिथे तोच स्लाइस उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात आयता येतो. त्यातून काळ कुठला? विल्यम्स भगिनी, हेनिन, क्लायस्टर्स, मोरेस्मो, डेव्हनपोर्ट, सगळ्या एकाच वेळी मैदानात. चेंडू दोन-चारदा खांद्याच्या उंचीवर आला की तिचा एका हाताचा बॅकहँड कोलमडायचा, आणि हे या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरीही तिला 'वर्षभराची पाहुणी' म्हणणं मला पटत नाही. ग्रीसचा टेनिसपटू त्सित्सिपास यायच्या कितीतरी आधी, पाठीशी मोठी परंपरा नसताना तिने हे केलं. तिच्या आधी नाव घ्यावं अशी एक आंगेलिकी कानेलोपुलू होती, १९८७ मध्ये ४३ व्या क्रमांकापर्यंत गेलेली. होबार्टनंतर पुढच्या ग्रीक मुलीने डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकायला २०१९ उजाडावं लागलं: रबातमध्ये योहाना काँटाला हरवून मारिया साक्कारीने. ही साक्कारी त्या कानेलोपुलूचीच मुलगी.