पुण्याचे १,९४२ फूट विसरू नकोस

अरे, विमानतळाची उंची नुसती पाठ करू नकोस. इंजिन सुरू करण्याआधी क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला त्या वेळचा हवेचा दाब, लाव आणि अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, बघ. पुण्यात काटा १,९४२ फुटांच्या आसपासच हवा. दाब एक हेक्टोपास्कलने (दाबाचं एकक) चुकला की साधारण तीस फुटांचा फरक पडतो.

उन्हाळ्यात तर फार जपायचं. तेवढ्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. पारा ४० वर गेला, की विमानाला ती विरळ झालेली हवा जवळपास ५,४०० फुटांवरची वाटते. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. टेकऑफचा तक्ता त्याच दिवशी, त्याच तापमानाला काढ. सकाळचा आकडा दुपारी अजिबात वापरू नकोस. आणि हो, उतरताना इंडिकेटेड, म्हणजे वेगमापकावर दिसणारा, वेग नेहमीचाच ठेव. जमीन जरा जास्त वेगाने पळताना दिसेल, म्हणून वेग कमी करू नकोस.