काखेत दडवलेला टॅग

‘वापरून परत केले तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे बहुधा दुसऱ्याच एखाद्या तक्रारीच्या आडून विचारतात. ज्या बाईंविषयी लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), त्या झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. तिसऱ्या भेटीत कळले की, गेली दोन वर्षे नात्यातल्या प्रत्येक लग्नाला त्या ऑनलाइन मागवलेला नवा पोशाख घालत आणि दोन दिवसांनी ‘माप बसले नाही’ हे कारण निवडून तो परत पाठवत.

“मॅडम, कंपनीच परत घ्यायला तयार असते. मग मी चोर कशी?”

चोर हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

हक्काचा मुद्दा आम्ही आधी निकालात काढला. आपल्याकडच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. केवळ पसंत पडली नाही म्हणून परत करण्याची मुभा मात्र तो स्वतःच्या धोरणानुसार देतो आणि तीही सहसा न वापरलेल्या वस्तूपुरती. घरी घालून पाहणे, आरशासमोर चार वेळा वळून पाहणे, यात काहीच गैर नाही, कारण ती सोय त्यासाठीच आहे. परत करायचे आधीच ठरवून मांडवात मिरवणे आणि मग मापाला दोष देणे हे खोटे आहे, असे मी त्यांना सांगितले. समुपदेशकाने असे मत देऊ नये, असे काही सहकारी मानतात. पण प्रश्न थेट विचारलेला असताना गुळमुळीत उत्तर देणे मला जमत नाही.

मग मी विचारले, “टॅग लपवता कुठे?”

त्यांनी काखेजवळची शिवण दाखवली. टॅग आत दुमडून छोट्या सेफ्टी पिनने अडकवायचा. त्यामुळे अक्षता टाकतानाही हात कोपरापासूनच हलवायचा, डाग पडेल म्हणून मठ्ठा घ्यायचा नाही, आणि मेंदीच्या हातांनी धावत आलेल्या भाचीला उचलून घ्यायचे नाही. हे सांगता सांगता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “दोन वर्षांत एकाही लग्नात मी नीट जेवलेले नाही.”

याची सुरुवात जाऊबाईंच्या एका वाक्याने झाली होती. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पाहून त्यांनी लिहिले होते, ‘हीच साडी मागच्या वेळीही होती ना?’

त्या दिवशी घरी एक अनारकली परत जाण्याच्या वाटेवर होता. पावतीवर कंपनीखाली सुरतच्या एका छोट्या विक्रेत्याचे नाव होते, जे त्यांनी तोवर कधी वाचलेच नव्हते. वापरलेला कपडा नवा म्हणून विकता येत नाही, तेव्हा तोटा त्याच्या पदरी पडण्याचीही शक्यता होती. निर्णय मी त्यांच्यावर सोडला.

महिन्याने त्या आल्या. अनारकली ठेवून घेतला होता, टॅग कापला होता, आणि तोच पुढच्या हळदीला घातला होता. बाहीवर हळदीचा डाग पडला होता. जाऊबाईंनी विचारलेच, “मागच्या लग्नात हाच होता ना?”

“मी ‘हो’ म्हणाले,” त्या सांगत होत्या, “आणि त्या मठ्ठा आणायला निघून गेल्या.”