खावटी आणि बियाणे: मदत कोणती, कर्ज कोणते?

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर शिक्षिका आहे. आषाढात येथील बऱ्याच घरांतील भात आणि नागली संपलेली असते आणि लावणीही त्याच दिवसांत चालू असते. अशा कुटुंबांना धान्य द्यावे की शेतीसाठी कर्ज? फुकट दिल्याने माणूस आळशी होतो, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही.

उत्तर : आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. पोटासाठी द्यायचे ते अनुदान असावे आणि पिकासाठी द्यायचे ते कर्ज असावे. या दोहोंची सरमिसळ झाली की दोन्ही फसतात. आपल्याच भागात सावकार पावसाळ्यात धान्य देऊन सुगीला ते कितीतरी पटीने वसूल करीत. ही पालेमोडीची पद्धत मोडण्यासाठी 1976 चा कायदा आला आणि 1978 पासून आदिवासी विकास महामंडळाने खावटी, म्हणजे पावसाळ्यातील पोटापुरती मदत, देण्यास सुरुवात केली. हेतू उत्तम होता, परंतु तिचा 70 टक्के भाग कर्ज होता, आणि जो तांदूळ श्रावणातच खाऊन संपला त्याची परतफेड कशातून व्हायची? थकबाकी साचत गेली आणि शेवटी शासनाला ती माफ करावी लागली. 2020 मध्ये खावटी पूर्णपणे अनुदान झाली: प्रत्येक पात्र कुटुंबाला 4,000 रुपये, त्यांपैकी निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तुरूपाने. आमच्या मते हाच मार्ग बरोबर होता. मात्र अशी मदत लावणीपूर्वी पोहोचली नाही, तर घरातले बियाणेच शिजवावे लागते किंवा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि मग दिवाळीनंतरचे सारे कुटुंबाचे श्रम आधीच विकलेले असतात.

बियाणे आणि खतासाठी मात्र पीककर्ज हवेच. गावच्या विविध कार्यकारी संस्थेमार्फत (शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी संस्था) ते घेऊन वेळेत फेडले, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतच्या कर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. अडचण व्याजाची नसून कागदांची आहे: सातबारा अजूनही आजोबांच्या नावावर असतो, वनपट्टा (वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन) असूनही संस्थेचे सभासदत्व नसते.

म्हणून आपण प्रथम शिधापत्रिका पाहाव्यात. अन्नसुरक्षेच्या यादीतील प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे, म्हणजे पत्रिकेत न चढलेली नवी सून आणि तिचे मूल यांचे मिळून दरमहा 10 किलो बुडतात. अतिगरीब कुटुंबांसाठीच्या अंत्योदय पत्रिकेचे 35 किलो कुटुंबामागे असतात आणि कातकरी कुटुंबे आदिम जमातीत मोडत असल्याने त्यासाठी पात्र आहेत; त्यांच्याकडे ती पत्रिका नसेल, तर ग्रामसभेत ठराव घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. वारसनोंद आणि संस्थेचे सभासदत्व यांचे काम उन्हाळ्यातच, लोक भट्टीवरून परतताच, हाती घ्यावे.