लॅटिन कविता: सुरुवात कानांनी करा

तुम्ही थेट व्हर्जिलचं महाकाव्य ‘ईनिड’ उघडून बसलात, म्हणजे बहुतेकांची पहिली चूक झालीच! ते बाजूला ठेवा. रोमन कवी कातुल्लुसची ८५वी कविता घ्या: ‘ओदी एत् आमो’. दोनच ओळी, १४ शब्द, त्यातली ८ क्रियापदं. द्वेषही करतो, प्रेमही करतो, का ते कळत नाही, आणि तळमळतो. आठवडाभर तेवढीच मोठ्यानं म्हणा.

छंदाला घाबरू नका. लघु-गुरू शाळेत शिकलात ना? जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व गुरू होतो, तसंच इथंही पुढं दोन व्यंजनं आली की सहसा होतं. व्हर्जिलच्या षट्पदीचा (हेक्झामीटर, सहा गणांची ओळ) मुख्य गण म्हणजे आपला ‘भ’ गण: गुरू, लघु, लघु. त्याच्या जागी दोन गुरूही चालतात, म्हणून ओळीतली अक्षरं कमीजास्त होतात, मात्रा नाही. (हे कळलं तेव्हा मला गावातलंच कुणी भेटल्यासारखं वाटलं.)

एवढं सांभाळा:
- शब्दाअंती स्वर, पुढच्याच्या सुरुवातीला स्वर: पहिला गिळा. ‘ओदी एत्’चं ‘ओदेत्’.
- ‘सी’चा उच्चार नेहमी ‘क’.
- ठेका धरा, पण ढोल बडवल्यासारखा नको, अर्थ मरतो.

भाषांतरं दोन ठेवा, एक शब्दशः गद्य, एक कवीनं केलेलं. ती जिथं एकमेकांपासून फुटतात, तिथंच मूळ ओळ पाहा. विशेषण नामापासून चार शब्द लांब दिसेल. नातं विभक्ती जुळवते.

यतीचे (ओळीत मध्येच थांबण्याचे) नियम सध्या विसरा.